आधी कल्ले बघ

गेल्या महिन्यात मुलुंडच्या एका मोटारींच्या शोरूममध्ये एका मुलीने मला खेकडा म्हटलं आणि मला इतका आनंद झाला की बायकोला वाटलं, मी गाडी पसंत केली.

त्याचं असं झालं. आमची लेक नोकरीला लागून दीड वर्ष झालं. तिला स्वतःची गाडी घ्यायची होती, म्हणून आम्ही तिघं गेलो होतो. मी माझ्या पद्धतीने गाडीला उजवीकडून एक फेरी मारली, मग डावीकडून एक. वाकून टायरवरचा आकडा वाचला. टायर कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात तयार झाला ते त्यावर असतं. डिकी उघडली, स्टेपनी दाबून बघितली. किंमत मात्र विचारली नाही. अशी बावीस मिनिटं गेली. तेव्हा आमच्यामागे उभी असलेली विक्रेती शेजारच्या सहकाऱ्याला हळूच म्हणाली, "खेकडा आहे रे. तू जेवून घे, मला वेळ लागणार."

मी गर्रकन वळलो. "काय म्हणालात?"

तिचा चेहराच पडला. "सॉरी सर, तुम्हाला नाही..."

"मलाच! आणि अगदी बरोबर म्हणालात. फक्त एवढं सांगा, हा शब्द तुम्हाला शिकवला कुणी?"

"कुणी नाही सर. आमच्या लायनीत सगळेच म्हणतात. खूप जुना शब्द आहे."

जुना! अहो, त्या शब्दाच्या बारशाला मी हजर होतो.

ती जागा अंधेरीतली. लिंक रोडला लागून असलेल्या एका शोरूममध्ये मी अकरा वर्षं नोंदणी आणि डिलिव्हरीचं टेबल सांभाळलं. गाडीच्या चासीवर सतरा अक्षरांचा नंबर कोरलेला असतो. तो कागदावरच्या नंबराशी जुळवायचा, गाडी आरटीओत गिऱ्हाइकाच्या नावावर चढवायची, नंबरप्लेट लावून घ्यायची आणि शेवटी गेटपासवर सही करायची. माझ्या सहीशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर जात नसे. अकरा वर्षांत माझा एकही नंबर चुकला नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही, पुढे ते लागणार आहे म्हणून सांगतो.

त्या शोरूममध्ये मावशी होती.

कार्डावर तिच्या नावाखाली 'वरिष्ठ विक्री सल्लागार' असं छापलेलं होतं, पण ते कार्ड ती गिऱ्हाइकाला क्वचितच द्यायची. ती वेसाव्याची कोळीण. कंपनीने दिलेला काळा कोट ती साडीवरच चढवायची आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडायची, कारण "हात मोकळा नसला तं सौदा व्हत नाय." अंबाड्यावर रोज अबोलीची वेणी. पन्नाशीला आली होती, पण आवाज असा की बेसमेंटमधल्या गाडीपाशी उभी राहून हाक मारली की पहिल्या मजल्यावरचा चहावाला खाली यायचा.

तिला नोकरी कशी लागली याची गोष्ट शोरूममध्ये मशहूर होती. ती आधी अंधेरीच्या बाजारात आईच्या शेजारी पाटी घेऊन बसायची. शोरूमच्या मालकाची बायको दर बुधवारी तिच्याकडे कोलंबी घ्यायला जायची आणि कोलंबीबरोबर सुरमई, मांदेली, एकदा तर चक्क एक मोठा लॉब्स्टर घेऊन घरी यायची. शेवटी एका बुधवारी ती नवऱ्याला म्हणाली, "ही बाई मला नको असलेला मासा दर आठवड्याला विकते आणि मी हसत घरी येते. तुमच्याकडची सुटाबुटातली माणसं हवी असलेली गाडी विकू शकत नाहीत. तिला बोलवा." मालकाने बोलावलं. मावशी म्हणे पहिल्या दिवशी सगळ्या गाड्या बघून म्हणाली, "यवढाच माल?"

तिला इंग्रजी येत नव्हतं. त्यावाचून तिचं कधी अडलं नाही. एकदा एका इंजिनियर गिऱ्हाइकाने तिला टॉर्क म्हणजे काय ते विचारलं. परीक्षा घेत होता. मावशी म्हणाली, "होडी उभी हाय, नांगर चिखलात रुतलाय. तो उचलून होडी हलवायला पयला जो जोर लागतो ना, तो. पुढं पळणं येगळं." मी त्याची गाडी नवव्या दिवशी नोंदवली.

टेस्ट ड्राइव्हला ती कधीच पुढे बसायची नाही. पुढे नवरा आणि आमचा ड्रायव्हर. मावशी मागे, बायकोच्या शेजारी. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "पुढं बसतो तो गाडी बघतो. मागं बसते ती ठरवते." खड्डा आला की ती खड्ड्याकडे न बघता बाईच्या तोंडाकडे बघायची. परत आल्यावर माझ्या टेबलाजवळून जाताना नुसती बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे कागद तयार ठेव. दोन बोटं म्हणजे आठवडाभर थांब. मी एका वर्षी याची नोंद ठेवून पाहिली. शंभरातल्या एक्क्याण्णव वेळा तिचं बोट बरोबर निघालं.

आणि ही बाई स्वतः गाडी चालवायला शिकलेली नव्हती! येणं-जाणं रिक्षाने. कुणी चिडवलं की म्हणायची, "हलवायाच्या घरी कवा पेढे बगितले?"

आता त्या शब्दांचं. दर सोमवारी सकाळी आमचे जनरल मॅनेजर, त्यांना सगळे साहेब म्हणायचे, मीटिंग घेत. प्रत्येकाने आपल्याकडच्या गिऱ्हाइकांची वर्गवारी सांगायची: हॉट किती, वॉर्म किती, कोल्ड किती. माझ्या नोकरीच्या पहिल्याच सोमवारी मावशीची पाळी आली.

"मॅडम, तुमच्याकडे हॉट किती?"

"साहेब, ताप आल्यासारखं नका विचारू. माज्याकडं दोन पापलेट हायत, चार खेकडे, एक बोंबील. सुकट भरपूर."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

मावशीने समजावलं. पापलेट म्हणजे ठरवून आलेलं गिऱ्हाईक, फार सोलावं लागत नाही. खेकडा तिरका चालतो. गाडीला फेऱ्या मारील, सगळं दाबून बघील, पण समोर येऊन काय हवं ते सांगणार नाही. मात्र एकदा धरलं की सोडत नाही. बोंबील सगळ्याला हो म्हणतो आणि हातातून निसटतो, त्याला काटाच नाही. सुकट म्हणजे जुनी चौकशी. आज ना उद्या घेईन म्हणणारी माणसं. ती वाळवून, नीट डब्यात घालून ठेवायची. "पावसात होड्या किनाऱ्याला लागल्या की घर सुकटीवरच चालतं, साहेब."

"आणि साहेब, एक गाभोळीवाली हाय," ती म्हणाली. गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. एकटंच येतं, पण पोटात दहा गिऱ्हाइकं घेऊन येतं असं माणूस.

तीन महिन्यांत सगळा फ्लोअर तसंच बोलायला लागला. गिऱ्हाइकासमोर बोलायची सोय झाली ना! वर्षभरात साहेबांनीच फळ्यावर 'पापलेट - ७' असं लिहिलं. तो दिवस मी डायरीत लिहून ठेवला होता.

मात्र एक शब्द ती चालवून घ्यायची नाही. एका विक्रेत्याने, काही न घेता गेलेल्या कुटुंबाला 'कचरा' म्हटलं. मावशी भर फ्लोअरवर कडाडली, "कचरा तुज्या टोपलीत! जो माणूस तुज्या दारात आला त्याला मासळीचं नाव दे, काय पन दे. कचरा बोललास तं याद राख."

तिचा आणखी एक शब्द होता, तो मात्र दुसऱ्या कुणी उचलला नाही, कारण त्यात हात मळायचे. तो म्हणजे कल्ले. मासळीबाजारात माशाचे कल्ले उचलून बघतात, लाल असले की मासा ताजा. डिलिव्हरीआधी प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडून ती आतल्या कडेचे बोल्ट अंगठ्याने चाचपायची. कारखान्यातून येते तेव्हा त्या बोल्टांवर गाडीचाच रंग सलग बसलेला असतो. कुणी पान्याने बोल्ट फिरवला की त्याच्या कडेचा रंग सोलतो, आणि मग पत्रा उघडला होता हे लपत नाही. "मासा वरून काय, चकचकीत दिसतो," ती म्हणायची. "बर्फ मारा, पानी शिंपडा, तीन दिवसांचा मासा पन हसतो. कल्ले खोटं बोलत नाय."

मला ते नाटक वाटायचं. "मावशी, मी चासी नंबर जुळवलाय. सतराच्या सतरा अक्षरं. गाडी तीच आहे."

"तीच हाय रं आकडेवाल्या. पन कशी हाय?"

मला ती आकडेवाल्याच म्हणायची. मला राग नव्हता.

आता त्या दसऱ्याकडे येतो. पितृपक्षात गाड्या कुणी घेत नाही. आमच्याकडे पंधरा दिवस शुकशुकाट असतो. मावशी त्याला मासेमारीबंदी म्हणायची. आणि मग दसरा! त्या दिवशी एकाच दिवसात अडतीस डिलिव्हऱ्या होत्या. झेंडूच्या हारांची तीन पोती आली होती, नारळ चार डझन, पेढ्यांचे खोके माझ्या खुर्चीपर्यंत रचलेले. सकाळी आठपासून दर बारा मिनिटांनी एक गाडी, हॉर्न, टाळ्या, फोटो. इतका आनंद एका छपराखाली मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

त्या अडतीसमधल्या सात मावशीच्या होत्या, आणि सातवी तिची स्वतःची! बाराशेच्या वर गाड्या विकल्यावर ती शेवटी बावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली, परीक्षेत दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली, आणि एक निळी छोटी गाडी तिने स्वतःच्या नावावर घेतली. होडीला असतो तसला निळा. सकाळपासून सगळ्यांना सांगत होती, "चार वाजता वेसाव्याच्या नाक्यावर बॅन्ड लावलाय माज्या जावेनं. आक्खा कोळीवाडा उभा हाय."

सहावी गाडी घाटकोपरच्या एका टेलरची होती. पांढरी, त्याच मॉडेलची. साकीनाक्याला त्याचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना. हा माणूस मावशीच्या डब्यातली सुकट, चार वर्षं जुनी. दरवर्षी यायचा, बघायचा, 'पुढच्या दसऱ्याला' म्हणून जायचा. एकदा खिशातून इंचटेप काढून त्याने गाडीची लांबी मोजली होती, चाळीच्या अंगणात मावते का बघायला. एकशे सत्तावन्न इंच आणि वर थोडं. कंपनीच्या पुस्तकात बघितलं तर अगदी बरोबर! तेव्हापासून तो मला फार आवडायचा.

त्या दिवशी त्याला धरून घरचे नऊ जण आले. म्हातारी आई नऊवारीत, मांडीवर नारळ. तिने पंचांगात पाहून मुहूर्त काढला होता: दोन वाजून बारा मिनिटांपासून दोन एकोणसाठपर्यंत. तो मी माझ्या यादीत तसाच लिहिला होता.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी मावशी माझ्या टेबलापाशी आली. "आकडेवाल्या, ऊठ."

"मावशी, माझ्यापुढे अजून अकरा गेटपास आहेत."

"ऊठ बोलली ना मी."

बेसमेंटमध्ये पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. तिने माझा अंगठा धरला आणि उजवीकडच्या बोल्टांवरून फिरवला. गुळगुळीत. मग डावीकडे. तिथे चार बोल्टांच्या कडा खरखरीत लागल्या, रंग सोललेला. "आता हितं बग," ती म्हणाली. पुढचं डावं मडगार्ड आणि दरवाजा, दोन्ही पांढरेच, पण मडगार्डाचा पांढरा जरा दुधाळ.

"नंबर?" तिने विचारलं.

"नंबर बरोबर आहे."

"त्यो असनारच. तुजा नंबर कवा चुकला?"

ती टोमणा मारत नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं. मी धावत वर आलो, यार्डाची यादी काढली. साकीनाक्याच्या यार्डात उभ्या असलेल्या त्रेचाळीस गाड्या मी पितृपक्षात दोनदा जुळवल्या होत्या. त्या गाडीपुढे शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं: 'ट्रेलर, डावी बाजू.' तो शेरा मी वाचलाच नव्हता. त्या रकान्यात आकडे नसतात, म्हणून मी तो रकाना कधी वाचतच नसे. सातशे एकतीस अक्षरं दोन-दोनदा तपासणाऱ्या माणसाने तीन शब्द वाचले नव्हते.

यादी घेऊन खाली निघालो तर साहेब जिन्यातच भेटले. मावशीही मागोमाग वर आली होती. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून बसला नव्हता, शर्ट पाठीला चिकटला होता.

"मला माहिती आहे," ते म्हणाले. "ट्रेलरवरून उतरवताना घासली. ओरिजिनल मडगार्ड लावलंय यार, रंग बूथमध्ये मारलाय. गाडी नवीच आहे. आता सांगून त्या लोकांचा मुहूर्त कशाला घालवायचा?"

"सांगून देऊ ना साहेब," मावशी म्हणाली.

"सांगितलं तर घेणार नाहीत."

"मग नाय घेनार."

"मॅडम, ही डिलिव्हरी फुटली तर उद्यापासून तुम्ही फ्लोअरवर नाही. मी सिरियसली बोलतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही गेटपास करा. तुमचं काम नंबरचं. नंबर बरोबर आहे ना?"

नंबर बरोबर होता. नियमाने सही करायला मला काहीच हरकत नव्हती. हे मी मनात दोनदा म्हणून पाहिलं. मावशी माझ्याकडे बघत नव्हती, कोटाची बाही आणखी वर दुमडत होती. मी पेनला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. "नाही साहेब." आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू आला नाही.

एक सत्तावन्न. मावशी सोफ्यावर टेलरच्या आईशेजारी जाऊन बसली. मी मागे उभा होतो.

"आजी, आमी लोक तुमच्यासमोर मासळीच्या भाषेत बोलतो, तुमाला कलू नये म्हनून," ती म्हणाली. "आज सरल सांगते. तुमच्या गाडीचे कल्ले बगितले मी. एका बाजूचा पत्रा बदललेला हाय. ट्रेलरवर घासली. चालंल चांगली, पन कोरी नाय. मना आत्ताच कललं."

टेलरची धाकटी मुलगी हातातली आपट्याची पानं मोजत होती. टेलरने खाली जाऊन मडगार्डावरून हात फिरवला, कापडावरून फिरवावा तसा. परत वर आला.

"म्हणजे रफू," तो म्हणाला.

"रफू," मावशी म्हणाली.

"रफू वाईट नसतं, बाई. मीही करतो. पण आम्ही गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवतो, इथे केलंय म्हणून." तो साहेबांकडे वळला. "तुम्ही दाखवलं नसतं?"

साहेब खिशात रुमाल शोधायला लागले. तेवढ्यात आजी म्हणाली, "ते राहू दे. मुहूर्ताचं काय? चार वर्षं झाली मला नारळ धरून."

मी घाईघाईने सांगितलं की दुसरी गाडी आज मिळणं शक्यच नाही, ती आली तरी तुमच्या नावावर चढायला दिवस लागतील, आणि... मावशीने मला हाताने थांबवलं. कमरेची किल्ली काढली. निळ्या गाडीची.

"ही माजी. आजची. कल्ले लाल हायत, मी सोता बगितलेत. तुमची येईल तवर ही घेऊन जा. नारळ हिच्यावर फोडा."

"मावशी!" मी ओरडलोच. "बॅन्ड लावलाय तिकडे!"

"तो वाजल की. बॅन्डला काय, पैशे दिलेत."

टेलर दोन्ही हात हलवत नको नको म्हणत होता. आजीने किल्ली घेतली. सरळ मुठीत धरली. "आमची म्हणून सांभाळू," ती म्हणाली, आणि विषय संपला.

मग मात्र मला अवसान आलं. निळी गाडी मावशीच्या नावावर रीतसर चढलेली, विमा उतरवलेला. मालकाने स्वखुशीने दुसऱ्याला चालवायला दिली तर आडकाठी नाही. टेलरच्या भावाकडे परवाना होता. मी तो हातात घेऊन तारीख बघितली, नंबर उतरवून घेतला. मावशीकडून चार ओळींचं पत्र लिहून घेतलं. किलोमीटरचा काटा लिहिला: अकरा. दोन वाजून एकोणीस मिनिटांनी मी गेटपासवर सही केली. नऊ जणांपैकी पाचच बसा, असं मी म्हटलं तेव्हा आजी मला म्हणाली, "तुमचा स्वभाव फार वाईट आहे हो," आणि हसली. उरलेले चौघं रिक्षाने गेले. नारळ दोन तेवीसला फुटला. पहिल्या फटक्यात!

साडेतीनला मावशी निघाली. तिच्याबरोबर पेढ्यांचे पाच खोके होते, म्हणून मीही निघालो. निदान तसं मी तिला सांगितलं. रिक्षावाल्याने दसऱ्याचे हार घालून रिक्षा सजवली होती. वाटेभर ती एक शब्द बोलली नाही, नुसती वेणी सारखी करत राहिली. ह्या बाईला गप्प बसलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

वेसाव्याच्या नाक्यावर खरंच बॅन्ड होता. सोन्याने मढलेल्या पंचवीस-तीस बायका, मधोमध जाऊ, हातात आरतीचं ताट. रिक्षातून मावशी उतरली. बॅन्ड थांबला.

"गाडी कुठं गो?" जावेने विचारलं.

"मुहूर्ताला दिली. एका म्हातारीचा नारल चार वर्सं अडला व्हता."

जावेने तिच्याकडे बघितलं. मग रिक्षाकडे बघितलं. मग बॅन्डवाल्यांकडे वळून ओरडली, "वाजवा रं! हिला चाकं नायत काय?" आणि तिने रिक्षाला कुंकू लावलं, नारळ फोडला, रिक्षावाल्याला ओवाळलं. तो बिचारा हात जोडून उभा. बायका त्या रिक्षाभोवती नाचल्या! मीही नाचलो. हे मी घरी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

साहेबांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मावशीची बदली मागच्या शेडमध्ये, जुन्या गाड्यांच्या विभागात. ही शिक्षा होती. मावशीने काय करावं? तिने प्रत्येक गाडीच्या काचेला एकेक पाटी लावली आणि मला खडूने लिहायला लावलं: 'मागचा दरवाजा रंगवलाय. क्लच बदललाय. बाकी ताजी.' ती पांढरी गाडी तिथेच आली. तिची नोंदणी रद्द करून घ्यायला मला पाच फेऱ्या पडल्या. तिच्या पाटीवर लिहिलं, 'पुढे डावीकडे रफू.' चौथ्या दिवशी विकली गेली, किंमत कमी करून, सांगून. पहिल्या तीन महिन्यांत त्या शेडमधून एकेचाळीस गाड्या गेल्या. आधी महिन्याला सहा जायच्या. पुढच्या वर्षी साहेबांनी स्वतः येऊन फ्लोअरवरच्या डिलिव्हरीआधी कल्ले तपासायचा कागद माझ्याकडून छापून घेतला. माफी मागितली नाही. कागद मात्र छापला.

निळी गाडी अठराव्या दिवशी परत आली, धनत्रयोदशीला, टेलरला त्याची कोरी पांढरी मिळाली तेव्हा. काटा दोनशे चौदावर. टाकी भरलेली. सीटांवर प्लॅस्टिकऐवजी निळ्या कापडाची कव्हरं, टिपेत टीप, माप तंतोतंत. मावशी अजून ती गाडी चालवते. तीसच्या वर नाही. आणि तो टेलर गाभोळीवाला निघाला: भाऊ, मेहुणा, कारखान्यातले दोघं... मी नोकरी सोडेपर्यंत त्याच्यामुळे सात गाड्या गेल्या.

हे सगळं मी मुलुंडच्या त्या विक्रेतीला उभ्याउभ्या सांगितलं. बायको दोनदा खाकरली. मी विचारलं, "आणखी कोणते शब्द आहेत तुमच्यात?"

"बोंबील आहे. सुकट. रफू आहे, म्हणजे रंग मारलेली गाडी."

"आणि कल्ले?"

तिने एव्हाना जेवून आलेल्या सहकाऱ्याकडे बघितलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. "तो नाही ऐकला, सर."

मी बॉनेट उघडलं. "अंगठा द्या इकडे." उजवीकडे फिरवला, मग डावीकडे. सगळे बोल्ट गुळगुळीत. तिला काय शोधायचं ते सांगितलं, रंगाची कड कशी सोलते ते, दोन पत्रे शेजारी धरून कसे बघायचे ते. मग तिच्यासमोर उभं राहून किंमत विचारली. गाडी आम्ही घेतली.

ती कागद आणायला म्हणून गेली, पण टेबलाकडे गेली नाही. दाराशी एक लाल गाडी उभी होती, हार घातलेली, शेजारी नवे कपडे घातलेलं कुटुंब फोटोसाठी दाटीवाटीने उभं. ती त्यांना म्हणाली, "दोन मिनिटं हं काका," आणि कोटाची बाही वर दुमडत तिने बॉनेटचा खटका ओढला.